हाताचे हाड मोडले तर : योजना आहे, पण पहिले सहा तास आणि नंतरचे सहा आठवडे कोणाचे?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यातील सर्व कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने जून २०२३ मध्ये घेतला आणि जुलै २०२४ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. पूर्वी कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळत होते, ते आता पाच लाखांपर्यंत गेले आहे. वर्धा जिल्ह्यातील शेतकऱ्यांना ही योजना नवी नाही. शेतकरी आत्महत्याग्रस्त म्हणून निवडलेल्या १४ जिल्ह्यांत वर्धा असल्यामुळे इथले पांढरी शिधापत्रिका असलेले शेतकरीही आधीपासून तिच्यात होते. आता शिधापत्रिकेचा रंग हा अडथळा कोणालाच राहिलेला नाही.

मग समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडसारख्या गावात कोणाचा हात मोडला, तर काळजीचे कारण उरले का? पैशांपुरते बोलायचे तर काळजी बरीच कमी झाली आहे. पण हात पुन्हा कामाचा होणार की नाही, हे बहुतेक वेळा दोन टप्प्यांवर ठरते : दुखापतीनंतरचे पहिले काही तास आणि प्लास्टर निघाल्यानंतरचे काही आठवडे. योजनेचा मुख्य भर रुग्णालयात दाखल होऊन करायच्या उपचारांवर आहे. हे दोन्ही टप्पे तिच्या अलीकडे आणि पलीकडे राहतात. तिथे काय करायचे, हे रुग्णाला आणि घरच्यांना माहीत असायला हवे.

हातात हाडे किती आणि ती इतकी का मोडतात?

खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत एका हातात ३० हाडे असतात. दंडात एकच लांब हाड असते, त्याला ह्युमरस म्हणतात. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडे असतात. अंगठ्याच्या बाजूचे रेडियस आणि करंगळीच्या बाजूचे अल्ना. मनगटात खड्यांसारखी आठ छोटी हाडे, तळहातात पाच आणि बोटांत १४. अंगठ्यात दोन आणि बाकीच्या चार बोटांत तीन-तीन. फक्त मनगट आणि पंजा धरला तरी २७ हाडे होतात. दोन्ही पंजांची मिळून ५४, म्हणजे शरीरातल्या २०६ हाडांपैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त.

एवढी छोटी हाडे आणि सांधे असल्यामुळेच आपण कापूस वेचू शकतो, सुईत दोरा ओवू शकतो आणि कुदळही धरू शकतो. पण पडताना माणूस नकळत हात पुढे करतो आणि सगळे वजन या हाडांवर येते. म्हणून हाताची मोडतोड सर्व वयांत दिसते. फक्त वयाप्रमाणे मोडण्याची जागा बदलते.

लहान मुले : कोपराच्या वरचे हाड

झाडावरून, झोक्यावरून किंवा सायकलवरून पडलेल्या पाच ते सात वर्षांच्या मुलांत कोपराच्या लगेच वर दंडाचे हाड मोडण्याचे प्रमाण बरेच असते. हे हाड तिथे पातळ असते आणि हाताला रक्त पुरवणारी मुख्य धमनी त्याच्या अगदी पुढून जाते. हाड सरकले की धमनी दबू शकते. सूज वाढली की स्नायूंच्या आतला दाब वाढतो आणि रक्तपुरवठा आणखी कमी होतो. रक्ताशिवाय स्नायू साधारण सहा तासांच्या पुढे तग धरत नाहीत. त्यानंतर ते मरतात, आकसतात आणि बोटे कायमची आत वळतात. जर्मन शल्यचिकित्सक फोल्कमान यांनी १८८१ मध्ये या विकाराचे वर्णन केले. त्याचे एक कारण त्या वेळीही घट्ट बांधलेली पट्टी हेच होते.

आपल्याकडे हे आजही घडते. मूल पडले की आधी तेल लावून चोळायचे, मग हाड बसवणाऱ्याकडे न्यायचे आणि तिथे बांबूच्या कामट्या लावून करकचून बांधून घ्यायचे, असा क्रम अनेक घरांत असतो. लोक तिकडे का जातात, हेही समजून घ्यायला हवे. तो माणूस जवळचा असतो, लगेच भेटतो, पैसे कमी घेतो आणि हाड न सरकलेल्या रुग्णाला बरेही वाटते, कारण असे हाड बहुधा आपसूक जुळते. त्याच अनुभवावर भरवसा ठेवून सरकलेल्या हाडाचे मूलही तिकडे नेले जाते. कोणते हाड सरकले आहे आणि कोणते नाही, हे हाताने चाचपून खात्रीने कळत नाही. त्यासाठी एक्स-रे लागतो.

चोळण्याचा आणखी एक तोटा आहे. कोपराच्या दुखापतीवर मालिश केली, तर आजूबाजूच्या स्नायूत नको तिथे हाड तयार होऊ शकते आणि कोपर आखडून बसते. म्हणून कोपराला कधीही चोळू नका.

कमावती माणसे : बोटे, तळहात आणि यंत्र

सोयाबीनच्या सवंगणीनंतर मळणीयंत्र चालते, घरोघरी कडबा कुट्टी असते. यंत्रात हात जाण्याचे अपघात बहुधा थकव्यात, घाईत किंवा अंधारात होतात. सैल बाही, हातातला कडा किंवा गळ्यातला दुपट्टाही हाताला आत ओढतो. पेंढी आत ढकलताना हात पात्यापर्यंत पोहोचू नये म्हणून मळणीयंत्राला लांब, वरून झाकलेले तोंड असायला हवे. यासाठीच १९८३ मध्ये देशात धोकादायक यंत्रांविषयीचा कायदा झाला. भाड्याने यंत्र आणताना हे तोंड कापलेले तर नाही ना, एवढे पाहिले तरी अनेक बोटे वाचतील.

बोट किंवा हात तुटून वेगळा झाला, तर तुटलेला भाग टाकून देऊ नका. तो स्वच्छ पाण्याने हलकेच धुवा, ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचे तोंड बांधा. ती पिशवी बर्फ घातलेल्या दुसऱ्या पिशवीत किंवा डब्यात ठेवा. तुटलेला भाग थेट बर्फावर ठेवला तर तो गोठून खराब होतो. बोटात स्नायू नसल्याने ते जोडायला थोडा जास्त वेळ मिळतो. मनगटाच्या वरून हात तुटला असेल तर मात्र पुन्हा तीच सहा तासांची मर्यादा लागू होते.

तरुणांत आणखी एक फसवी दुखापत असते. मोटारसायकलवरून तळहातावर पडल्यावर मनगटातले स्कॅफॉइड नावाचे छोटे हाड मोडते. सूज थोडी असते आणि पहिल्या एक्स-रेत चीर दिसेलच असे नाही. ‘मुरगळला असेल’ म्हणून सोडून दिले जाते. या हाडाला रक्त एका टोकाकडून मिळते, त्यामुळे ते न जुळण्याची भीती असते. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे चांगला असला तरी हात आधारात ठेवा आणि १० ते १४ दिवसांनी पुन्हा तपासून घ्या.

पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रिया : मनगट

अंगणात पाय घसरला, फरीदबाबांच्या टेकडीवर चढताना पायरी चुकली, आणि मनगट काट्याच्या चमच्यासारखे वाकले. ही कोलीस फ्रॅक्चरची ओळख. आयर्लंडच्या अब्राहम कोलीस यांनी एक्स-रेचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी, १८१४ मध्ये, केवळ बाहेरून पाहून तिचे वर्णन केले. पाळी थांबल्यानंतर हाडे ठिसूळ होऊ लागतात. नुसत्या उभ्याने पडून मनगट मोडले, तर तो हाडांच्या ठिसूळपणाचा पहिला इशारा समजावा. अशा स्त्रियांना पुढे मणका किंवा खुब्याचे हाड मोडण्याचा धोका वाढलेला असतो. म्हणून प्लास्टर करून झाले की हाडांची घनता, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडे बळकट करणाऱ्या औषधांविषयी डॉक्टरांना आवर्जून विचारा. हा प्रश्न बहुतेक घरांत विचारलाच जात नाही.

गिरडहून निघताना : कुठे आणि कशासाठी?

गिरड वर्ध्यापासून साठेक किलोमीटर दूर आहे. मोठ्या शस्त्रक्रिया जिथे होतात ती रुग्णालये वर्ध्याकडे आहेत. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, सावंगी मेघे येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आणि वर्ध्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय. दुसऱ्या बाजूला नागपूर. वर्धा जिल्ह्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मंजूर झाले, तेव्हा ते हिंगणघाटला व्हावे म्हणून तिथल्या लोकांनी आंदोलन केले. त्यामागे जिल्ह्याच्या या टोकाचे हेच अंतर आहे. ते जोवर कमी होत नाही, तोवर सहा तासांचा हिशेब रुग्णालाच ठेवावा लागतो.

म्हणून प्रत्येक मोडलेला हात थेट सेवाग्रामला नेण्याची गरज नाही, आणि प्रत्येक हात गावात थांबवणेही बरोबर नाही. ढोबळ विभागणी अशी करता येईल.

लगेच, रात्र असली तरी निघा :
- हाडावरची कातडी फाटली आहे, जखम आहे किंवा हाड दिसते आहे.
- बोटे पांढरी, निळसर किंवा थंड पडली आहेत.
- बोटांना मुंग्या येतात, बधिर झाली आहेत किंवा हलत नाहीत.
- वेदना कमी होण्याऐवजी वाढतच आहेत, बोट हळूच सरळ केले तरी मूल किंचाळते.
- मुलाचे कोपर सुजून वेडेवाकडे झाले आहे.
- बोट किंवा हात तुटला आहे, किंवा यंत्रात चिरडला आहे.

त्याच दिवशी एक्स-रे करून घ्या : बोटे गरम आहेत, हलतात, जखम नाही, पण सूज आणि दुखणे आहे. यासाठी समुद्रपूरचे ग्रामीण रुग्णालय किंवा हिंगणघाटचे उपजिल्हा रुग्णालय हा जवळचा पर्याय. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंत तपासणी आणि उपचार नि:शुल्क आहेत.

जखम असेल तर वाटेत आधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात थांबणे फायद्याचे ठरते. धनुर्वाताची लस, प्रतिजैविकाचे इंजेक्शन, वेदनाशामक आणि नीट आधार एवढे तिथे होऊ शकते. उघड्या हाडमोडीत प्रतिजैविक जितके लवकर मिळेल तितकी हाडात पू होण्याची शक्यता घटते. शक्य तर ते पहिल्या तासातच मिळावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यभर नि:शुल्क उपलब्ध आहे.

निघण्यापूर्वी घरी एवढेच करा. अंगठी, बांगड्या, कडे लगेच काढा, सूज आल्यावर ते निघत नाहीत. हात आहे त्याच स्थितीत दुमडलेल्या वर्तमानपत्राच्या किंवा पुठ्ठ्याच्या आधाराने सैल बांधा आणि ओढणीची झोळी करून गळ्यात अडकवा. हाड सरळ करायला ओढू नका. शस्त्रक्रिया लागेलसे वाटत असेल तर रुग्णाला चहा-जेवण देऊ नका, भूल देताना अडचण येते. आणि आधीच कोणी घट्ट बांधले असेल व बोटे थंड पडत असतील, तर ती पट्टी कातडीपर्यंत पूर्ण कापून मोकळी करा. रुग्णालयात गेल्यावर कापू म्हणून थांबू नका.

कागद, पैसे आणि नुकसानभरपाई

जन आरोग्य योजनेत शिधापत्रिका व आधार किंवा आयुष्मान कार्ड लागते. तातडीच्या वेळी कागद हाताशी नसले तरी दूरध्वनीवरून नोंद करून उपचार सुरू करण्याची सोय योजनेत आहे. कागद नंतर देता येतात. त्यामुळे ‘उद्या कार्ड शोधून जाऊ’ असे म्हणून रात्र घालवू नका. रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. आपल्या रुग्णावर होणारा नेमका उपचार यादीत आहे का, तारा, पट्ट्या आणि स्क्रूचा खर्च त्यात धरला आहे का, हे त्याला शस्त्रक्रियेपूर्वीच विचारा. योजनेचे दूरध्वनी क्रमांक १५५३८८ आणि १८०० २३३ २२०० असे आहेत.

रस्त्यावरच्या अपघातासाठी केंद्राची वेगळी योजना मे २०२५ पासून आहे. नेमून दिलेल्या रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख रक्कम न भरता मिळतात. जामवरून जाणारा नागपूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग असो वा गावाचा रस्ता, ती दोन्हीकडे लागू आहे.

शेतकऱ्यांसाठी २०२३ पासून गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. अपघातात एक हात किंवा पाय गेल्यास १ लाख आणि दोन गेल्यास २ लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत करायचा असतो. सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी आणि कुटुंबातील आणखी एक व्यक्ती यांनाच ती लागू होते. दुसऱ्याच्या वावरात मजुरीला गेलेली भूमिहीन बाई किंवा पुरुष तिच्यात बसत नाही. मळणीयंत्रापाशी हात घालणारा बहुधा हाच मजूर असतो, आणि हा या योजनेतला मोठा खड्डा आहे.

यंत्राने होणाऱ्या शेतीतल्या मजुराला १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने मालकाकडून भरपाईचा हक्क दिला. ती तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावली आहे. त्या जुन्या कायद्याच्या तक्त्यात अंगठा गेल्यास कमाईची क्षमता ३० टक्के, तर्जनी पूर्ण गेल्यास १४ टक्के, मधले बोट गेल्यास १२ टक्के आणि चारही बोटे गेल्यास ५० टक्के घटल्याचे धरले आहे. अंगठ्याला एवढे वजन का, हे अंगठा दुमडून एकदा विळा धरून पाहिला की कळते. अपघात झाल्यास रुग्णालयात तो यंत्रावर झाला हे केसपेपरवर लिहून घ्या. पुढच्या सगळ्या दाव्यांचा आधार तो कागद असतो.

जे कोणत्याच यादीत नाही : नंतरचे सहा आठवडे

हाड जुळायला वेळ ठरलेला असतो. मुलांच्या कोपर-मनगटामधल्या हाडांना तीन ते सहा आठवडे, मोठ्यांच्या मनगटाला साधारण सहा आठवडे, दंडाच्या हाडाला आठ ते बारा आठवडे. बोटे मात्र तीन-चार आठवड्यांहून जास्त बांधून ठेवली की आखडतात. तंबाखू आणि विडी-सिगारेटने हाड जुळायला उशीर होतो. खर्राही त्यातच आला.

प्लास्टर असताना पहिले दोन दिवस हात छातीच्या वर उशीवर ठेवा. बोटे, कोपर आणि खांदा, म्हणजे प्लास्टरबाहेर राहिलेला प्रत्येक सांधा, पहिल्या दिवसापासून तासातासाने हलवा. हात झोळीतच ठेवून खांदा आखडलेले रुग्ण पुष्कळ दिसतात. मनगट बरे होते, पण हात डोक्यापर्यंत जात नाही.

प्लास्टर निघाल्यावर हात बारीक, कडक आणि दुखरा असतो. पुढचे सहा आठवडे व्यायामाचे. कोमट पाण्यात मूठ उघडझाप करणे, कणीक मळणे, ओले फडके पिळणे, तळहात वर-खाली फिरवणे, हे दिवसातून चार-पाच वेळा करायला यंत्र लागत नाही. फिजिओथेरपिस्टकडून एकदा तरी नीट शिकून घ्या. त्यासाठी गिरडहून सेवाग्रामची रोजची फेरी कोणालाच परवडणार नाही. बसभाडे आणि बुडालेली मजुरी कोणतीही योजना देत नाही. शस्त्रक्रियेवर सरकारने हजारो रुपये खर्च केल्यानंतर हात केवळ व्यायामाअभावी आखडावा, हे रुग्णाचे नुकसान आहेच, योजनेचेही आहे. आठवड्यातून एक दिवस ग्रामीण रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट बसला आणि हे व्यायाम आशाताईंना शिकवले गेले, तर फार थोड्या खर्चात ही फट बुजेल. ग्रामसभेत मागावी अशी ही गोष्ट आहे.

तोवर घरच्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. दुखापतीनंतर पहिल्या तासात बोटांचा रंग, ऊब आणि हालचाल पाहा. प्लास्टर निघाल्यावर रोज संध्याकाळी रुग्णाची मूठ पूर्ण मिटते का, हे पाहा. मूठ मिटत नसेल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.